आक्काच्या वहीतलं पाणी

आक्काच्या घरी तुरीची डाळ शिजत नाही. कुकरच्या सहा-सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली येतोच. मग ती चिमूटभर सोडा टाकते आणि डाळीचं पिठलं होतं. स्टीलचा तांब्या कितीही घासला तरी दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरे ओघळ असतात. तिच्या चहाला एक मचूळ चव असते, ती तिला लागत नाही आणि मला पहिल्या घोटापासून लागते. जालना रोडनं करमाडच्या पुढं जाऊन आत वळलं की तिचं गाव. बोअरला पाणी आहे, आणि आमच्या भागात पाणी आहे एवढ्यावरच लोक देवाला हात जोडतात. ते कसं आहे असं विचारणारा माणूस जरा शिष्टच समजला जातो.

आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आईनं तिला विचारलं होतं, "पानी मानवलं का गं?" ती म्हणाली, "मानवंल." तीस वर्षं झाली, अजून मानवलेलं नाही. आधी मुतखड्याचं ऑपरेशन झालं. मग काही वर्षांनी रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, किडनी अजून साथ देतेय, पण जपायला हवं. पाणी भरपूर प्या, आणि हे बोअरचं पिऊ नका.

दाजींनी जार लावला. गावात एकानं आरओचा प्लांट टाकलाय, तिथून निळा जार येतो. पण आक्काच्या घरात जारचं पाणी म्हणजे पाहुण्यांचं, नातवाचं आणि दाजींचं. स्वतःच्या किडनीच्या गोळ्या ती बोअरच्या पाण्याबरोबर घ्यायची. हे मला कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. मी पटकन ओरडतो. घरात सगळ्यात धाकटा, त्यात शिकलेला, म्हणून माझं ओरडणं सगळ्यांनी लहानपणापासून चालवून घेतलंय, आणि मी ते माझा हक्क असल्यासारखं वापरत आलोय.

मी शहरात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. ज्या वयात लोक मुलांच्या ॲडमिशनच्या मागे लागलेले असतात, त्या वयात मी स्वतः पीएचडीला नाव नोंदवलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेत आणि मला सर म्हणतात, त्यामुळे त्यांनी कान उपटले तरी ते आदरानं उपटल्यासारखे वाटतात. विषय होता खाऱ्या पाण्यातलं मीठ अडवणारा ग्राफीनचा पडदा.

तो पडदा म्हणजे काय ते सांगतो. पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट. ते ॲसिडात घालून, बरेच सोपस्कार करून सुटं केलं की त्याचे डोळ्यांना न दिसणारे पापुद्रे पाण्यात तरंगायला लागतात. हे ग्राफीन ऑक्साइड, रंगानं पातळ केलेल्या काकवीसारखं. ते हळूहळू गाळलं की पापुद्रे एकावर एक बसत जातात आणि एक काळसर तपकिरी पडदा तयार होतो. दोन पापुद्र्यांमधल्या फटीतून पाणी जातं, मीठ अडतं. अडचण एवढीच की असा पडदा फार दिवस पाण्यात राहिला तर भिजवलेल्या पोह्यांसारखा फुगतो, फटी रुंद होतात आणि मीठ खुशाल पार जातं. जगभरचे लोक या फुगण्याशी झगडतायत. माझे पडदे मात्र फुगत नव्हते. रुपयाएवढे पडदे मी एका पांढऱ्या चकतीवर बसवायचो आणि ते महिना महिना टिकायचे. मी याचं सगळं श्रेय माझ्या हाताला दिलं. ॲसिड धुऊन काढायला मी इतरांपेक्षा दुप्पट वेळ घेतो, माझ्यात चिकाटी आहे, असं मी विभागात येताजाता सांगायचो.

मग मला वाटलं, आता आक्काकडे लावून बघू. मॅडम तयार झाल्या, पण एका अटीवर. "सर, ते पाणी कुणी प्यायचं नाही. नुसतं मोजायचं. अजून आपल्याला यातलं फार कमी कळतं." मी मान हलवली. ती मान हलवताना मी खोटं बोलत होतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला पाणी मोजायचं नव्हतं, आक्काला पाजायचं होतं.

औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून मी नळ्या, तोट्या, रबरी चकत्या आणि एक छोटा पंप आणला. घरच्या यंत्राला पडदा तळहाताएवढा लागणार होता आणि तेवढी मोठी पांढरी चकती मिळत नव्हती, म्हणून खाली प्लास्टिकची बारीक जाळी घातली. आधार बदलला तर काय बिघडतंय, असं मला वाटलं. पडदा माझा होता.

पहिल्या दिवशी पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएसचा पेन बोअरच्या पाण्यात बुडवला तेव्हा आकडा अठराशेच्या पुढं गेला. यंत्रातून आलेल्या पाण्यात बुडवला तेव्हा चारशेच्या आसपास थांबला. दाजी म्हणाले, "पेन बिघडला का काय?" आक्कानं पेला तोंडाला लावला, घोट तोंडात तसाच धरून ठेवला आणि बराच वेळ गिळला नाही. मग म्हणाली, "आरं, ह्ये तर आपल्या हिरीचं पानी लागतंय." माहेरच्या विहिरीचं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी उगाच पंपाचा स्क्रू आवळत बसलो. मॅडमची अट त्या पेल्यातच बुडाली. मी आक्काला सांगितलं, आता हेच प्यायचं.

तिला एक वही दिली आणि तीन रकाने आखून दिले. तारीख, आकडा आणि कोण प्यायलं. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. रोज सकाळी मोजायचं आणि लिहायचं, एकही दिवस चुकवायचा नाही, असं मी तिला बजावलं. तिनं वही देवघराच्या कोनाड्यात ठेवली.

नऊ-दहा दिवसांनी मी गेलो. ती स्वयंपाकघरात यंत्राची वरची बादली भरत होती. बादली भरली, आणि तिनं शेजारच्या वाटीतला तुरटीचा खडा उचलून पाण्यात गोल फिरवायला सुरुवात केली. तोंडानं माझ्याशी बोलणं चालू होतं, हात आपला आपण फिरत होता.

"आक्का, हे काय?"

"काय? तुरटी."

"बोअरचं पाणी आधीच नितळ आहे. तुरटी कशाला?"

"आरं, बादली भरली की हात फिरतोच. आईनं लावल्याली सवय."

माहेरी विहिरीला पावसाळ्यात गढूळ पाणी यायचं तेव्हा आई हंड्यात तुरटी फिरवायची, ते मलाही आठवत होतं. पण मला त्या क्षणी फक्त माझा प्रयोग दिसत होता. "रोज फिरवतेस?" तिनं मान हलवली. माझं टाळकं सरकलं. "मी माझा पडदा तपासतोय का तुझी तुरटी? उद्या कुणी विचारलं, पाणी कशानं साफ झालं, तर काय सांगू? आमच्या आक्कानं खडा फिरवला म्हणून?" असं म्हणून मी तो खडा खिडकीतून बाहेर उकिरड्यावर भिरकावला. दाजींनी पेपर जरा वर धरला. आक्का म्हणाली, "बरं बाबा. नाय फिरवत." आणि ओला हात पदराला पुसला.

मी जेवून परत आलो. येताना वाटेत मला बरंही वाटत होतं, की वेळेवर पकडलं.

त्यानंतर साधारण दहा दिवसांनी तिचा फोन आला. मी कॉलेजात होतो, दोन तासांच्या मधे, हातात न तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

"भाऊ, आज आकडा जरा वर दिसतोय. सहाशे ऐंशी."

"तू परत तुरटी फिरवलीस."

"नाय रे. शपथ."

"मग पेल्याला खार असेल. नीट धू आणि परत मोज. दर वेळी तुझं काहीतरी असतंच, आक्का."

"व्हय, पेलाच असंल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. दुपारी तिनं पुन्हा फोन केला. "धुऊन मोजलं. चारशे वीस." आणि मी म्हणालो, "बघ!" एखाद्या वर्गातल्या पोरीला गणित सुटल्यावर म्हणावं तसं. तो माझा 'बघ' मला आजही ऐकू येतो आणि स्वतःची लाज वाटते.

पुढं दोन महिने वहीतले आकडे चारशेच्या आसपास राहिले. मी फोन केला की ती म्हणायची, पानी लई गोड हाय, तू फिकर करू नको. नातवाच्या वाढदिवसाला मी गेलो. आमच्याकडे दारातून आत पाऊल टाकलं की आधी पाणी हातात येतं, आणि बहिणीच्या घरी भाऊ काही उठून स्वतः पाणी घेत नाही. तसा पेला आला. मी पाणी प्यायलो, खरंच गोड होतं. सगळ्यांसमोर ऐट मारावी म्हणून उरलेल्या पाण्यात पेन बुडवला. आकडा आला नव्वद.

चारशेवरून नव्वद! माझ्या जागी दुसरा कुणी असता तर चक्रावला असता. कुठलाही पडदा जुना होत होत इतका सुधारत नाही. मी मात्र पाहुण्यांना समजावून सांगितलं, की पापुद्रे आता एकमेकांवर नीट बसलेत, पडदा मुरलाय. मुरायला ते काय लोणचं होतं? आक्का दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं. आता वाटतं, ती घाबरली होती.

त्या आकड्यांवर मी शोधनिबंध लिहिला. मॅडमचं नाव घालून तो एका परिषदेला पाठवला, आणि तो स्वीकारलाही गेला. मग मॅडमनी मूळ वही मागितली. मी जाऊन ती आणली. त्यांनी ती टेबलावर उघडून शांतपणे पानं उलटली आणि पेन्सिलीनं एका तारखेखाली रेघ ओढली.

"सर, इथपर्यंतचे आकडे बघा. चारशे सात, तीनशे एक्याऐंशी, चारशे बत्तीस. आणि इथून पुढं चारशे वीस, चारशे दहा, चारशे वीस, चारशे. त्या दिवसापासून पेन फक्त दहाच्या पटीत दाखवायला लागला का?"

त्यांचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं.

"आणि हा तिसरा रकाना काय आहे? कोण प्यायलं?"

तिसऱ्या रकान्यात त्या रेघेपर्यंत सगळ्यांची नावं होती. नंतर रोज एकच शब्द. मी. मी. मी.

मी मॅडमवर चिडलो. म्हणालो, माझी बहीण खोटं लिहिणार नाही, तुम्ही तिला ओळखत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊन बघून या." मी दार आपटूनच निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. न कळवता गेलो, कारण मला मॅडमना खोटं पाडायचं होतं. शेंद्र्याच्या पुढं ऊन चढलं, ट्रकांची धूळ घशात गेली. आक्काच्या दारात पोचलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. आक्का शेजारी कुरडया घालायला गेली होती, दाजी शेतात होते, आणि सून आतल्या खोलीत बाळाला घेऊन निजली होती. मला पाणी द्यायला कुणी नव्हतं. म्हणून त्या घरात पहिल्यांदा मी उठून स्वतः पेला घेतला आणि माझ्याच यंत्राची तोटी सोडली.

पहिल्या घोटालाच कळलं. ती चव मी लहानपणापासून आक्काच्या चहात ओळखतो. तरी मी पेन बुडवला, कारण जिभेवर विश्वास ठेवायची मला भीती वाटत होती. सतराशेच्या वर. बोअरचं पाणी वरून ओतावं आणि खालून धरावं, तेवढंच काम यंत्र करत होतं.

चाहूल लागून सून बाहेर आली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या हातातला पेला बघून एकदम म्हणाली, "मामा, ते नका पिऊ. ते आत्याबाईंचंय. तुम्हाला जारचं देते."

ते आत्याबाईंचंय. आत्याबाई म्हणजे तिची सासू, आमची आक्का. मी खाली बसलो. वाढदिवसाला मी काय प्यायलो, नव्वद आकडा कशाचा होता, घरातले बाकीचे सगळे कधीपासून काय पितात, आणि वहीतला तो 'मी' कोण, हे मला एकदमच समजलं.

आक्का आली तेव्हा तिच्या हाताला कुरडयांचा चीक लागलेला होता. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली ठेवलेल्या पेल्याकडे, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी ओरडलो नाही.

"कधीपासून, आक्का?"

"तू तुरटी फेकलीस ना, त्याच्यानंतर आठ-धा दिसांनी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं की. फोन केला व्हता." तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, नुसतं आठवण करून दिल्यासारखं सांगितलं. "मंग मला वाटलं, माजीच तुरटी नडली. आदी नऊ दिस फिरवली ना मी, तीच बसली असंल पडद्याला. तुजी येवढी डिग्री, माज्या एका खड्यापायी बुडाली तर? म्हनून तू खूश झालास तो आकडा लिवला."

"मग पीत का होतीस? घरात जार होता. बाकीच्यांना तू जारचं देतच होतीस."

ती हात चोळत राहिली. चिकाचे वाळलेले पापुद्रे तिच्या बोटांवरून खाली पडत होते.

"वहीत लिवायचं व्हतं ना, कोन प्यालं म्हनून. आकडा खोटा लिवला. तेबी खोटं कसं लिवू?"

मी आयुष्यात वाचलेल्या कुठल्याही प्रयोगात इतका प्रामाणिक खोटेपणा पाहिला नाही. मी तिथंच, सुनेसमोर, रडलो. आक्कानं मला गप्प केलं नाही. तिनं फक्त हात धुतले आणि मला आत बोलावलं.

स्वयंपाकघराच्या दारामागं एका पतसंस्थेचं कॅलेंडर होतं. प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं बारीक आकडा लिहिलेला. चतुर्थीच्या शेजारी, गॅसची टाकी लावली त्या तारखेखाली, सगळीकडे. चारशे सात. तीनशे एक्याऐंशी. मग सहाशे ऐंशी. मग नऊशे पाच, अकराशे चाळीस, आणि असं वर वर चढत सतराशेपर्यंत. "तू म्हनला व्हतास, रोज मोजायचं, येकबी दिस चुकवायचा नाय," ती म्हणाली. "मोजलं मी. खरं हितं लिवलं."

मी यंत्र उघडलं. जाळीवर पडदा नव्हता, काळसर चिखल होता. बोट लावलं तर निघून आला. मी कॅलेंडरच्या पानांचे फोटो काढले. त्यातली एक गोष्ट मला परत येताना गाडीवर हळूहळू कळत गेली. जोवर तुरटी होती तोवर कॅलेंडरवरचे आकडे स्थिर होते. तुरटी बंद झाल्यावर काही दिवस पडदा तगला, आणि मग गेला. तुरटीनं तो बिघडला नव्हता. बहुतेक तुरटीनंच तो धरून ठेवला होता.

प्रयोगशाळेत मी दोन पडदे जाळीवर बसवले. एकाला साधं खारं पाणी दिलं, दुसऱ्याला तुरटी फिरवलेलं. पहिला तीन आठवड्यांत फुगून सुटला. दुसरा टिकला. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, ते पापुद्र्यांना एकमेकांशी बांधून धरतं. आणि मी रुपयाएवढे पडदे ज्या पांढऱ्या चकतीवर महिना महिना टिकवत होतो, ती चकती ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडची होती. पडदे तिच्यातून नकळत उसनं बळ घेत होते. नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं, हे इतरांच्या आधीच लक्षात आलं होतं. मी वाचलं नव्हतं. माझ्या हाताचं, माझ्या चिकाटीचं कौतुक तिथं संपलं. आईनं आक्काच्या हाताला लावलेली सवय नऊ दिवस माझा प्रयोग सांभाळत होती, आणि मी ती खिडकीतून फेकून दिली होती.

मी मॅडमना सगळं सांगितलं. कॅलेंडर, तुरटी आणि तिसरा रकानाही. त्या म्हणाल्या, "आकड्यांचं आपण निस्तरू, सर. निबंध मागे घेऊ. पण मी तुम्हाला सांगितलं होतं, कुणी प्यायचं नाही." त्यांचा आवाज चढला असता तर मला सोपं गेलं असतं. निबंध मागे घेतल्याचं पत्र मी स्वतः लिहिलं. गावातला प्रयोग थांबला. विभागात माझ्याशी बोलताना लोक हल्ली जरा जपून बोलतात, आणि ते बरोबरच आहे.

आक्काला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. क्रिएटिनिन वाढलं होतं. पायांवरही सूज होती, ती तिनं लुगड्याच्या काठाखाली झाकलेली होती. मी डॉक्टरांना पाण्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "या आजारात वाढतंच. पाण्यामुळेच वाढलं असं म्हणता येणार नाही. आणि पाण्यामुळे नाही वाढलं, असंही म्हणता येणार नाही." मला कुणीतरी ठाम काहीतरी सांगायला हवं होतं. तुझ्यामुळे, किंवा तुझ्यामुळे नाही. ते कुणी सांगितलं नाही. बाहेर बाकावर बसलेली आक्का मला विचारत होती, "तुजं डिग्रीचं काय म्हनत्यात?"

आता ती जारचं पाणी पिते. ती पितेच ना, हे मी सुनेला विचारतो, कारण तिला विचारलं तर ती हो म्हणेल. नियमाप्रमाणे परवानगी काढून काही महिन्यांनी मी नवा पडदा लावलाय, तुरटीच्या पाण्यात मुरवलेला. या वेळी पिण्याची तोटीच ठेवलेली नाही, मोजून झालं की पाणी थेट मोरीत जातं. तिसरा रकानाही नाही. मोजायचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं असं मॅडम म्हणाल्या होत्या. आक्कानं ऐकलं नाही. म्हणाली, माज्याकडून चुकलं, मीच करनार. चुकलं कुणाचं हे मी तिला किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. ती "व्हय व्हय" म्हणते.

रोज सकाळी आठ वाजता मी तिला फोन करतो. आधी तब्येत विचारतो, सूज विचारतो, आवाज शक्य तेवढा मऊ ठेवतो. मग विचारतो. काल सकाळीही विचारलं.

"आज किती आलं, आक्का?"

मागं कुकरची शिट्टी झाली.

"जे असेल ते सांग. कमी-जास्त काही असू दे. मी अजिबात चिडणार नाही."

"ते व्हय रे," ती म्हणाली. टोमणा नव्हता, ती मनापासून विचारत होती. "पर तुला किती पायजे?"